वाकड्या भिंतींसाठी स्वीट होम थ्रीडी

आमच्या घरात एकही खोली धड काटकोनात नाही, त्यामुळे तयार चौकोन मांडून देणारी सॉफ्टवेअर माझ्या कामाची नव्हती. स्वीट होम थ्रीडी हे घराचा आराखडा काढून तो थ्रीडीत दाखवणारं सॉफ्टवेअर मोफत आहे, ओपन सोर्स आहे आणि तिरक्या भिंतींना बिचकत नाही. भिंत ओढताना एंटर दाबलं की लांबी आणि कोन थेट आकड्यांत भरता येतात. हे करायलाच हवं, कारण मॅग्नेटिझम (रेघ आपोआप ठरावीक कोनांना चिकटवणारी सोय) चालू असताना रेघ १५ अंशांच्या टप्प्यांनीच वळते आणि ७८ अंशांचा कोपरा ७५ वर जाऊन बसतो. गोल भिंतीसाठी वक्रतेचे अंश द्यायचे. १८० दिले की अर्धवर्तुळ तयार. उतरत्या छताखालच्या भिंतीला दोन टोकांना वेगवेगळी उंची देता येते, हे तर मला फारच आवडलं! छतासाठी मात्र वेगळं टूल नाही. अवघड छप्पर ब्लेंडरसारख्या थ्रीडी मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये करून मॉडेल म्हणून आत आणावं लागतं.

कागदी नकाशा असेल तर स्कॅन करून त्यावरच गिरवा. नसेल तर खोलीचे कर्णही मोजाच. चारही बाजू तेवढ्याच राहून चौकोन कलू शकतो. एक कर्ण मिळाला की सगळे कोन पक्के होतात.