तैलचित्र सांगून छापील कॅनव्हास गळ्यात मारला

वडिलांच्या वर्षश्राद्धापर्यंत त्यांचं तैलचित्र भिंतीवर लागावं, ही आईची इच्छा. पुण्यातल्या एका व्यावसायिक चित्रकाराला काम दिलं. कॅनव्हासवर ऑइल, ६०,००० रुपये, निम्मे आगाऊ. हातात पडला तो संगणकावर रंगवून कॅनव्हासवर छापलेला फोटो, आणि वरून पारदर्शक जेलचे ब्रशने ओढलेले फटकारे. हा प्रकार सर्रास चालतो हे आता कळतंय, म्हणून सविस्तर लिहितो.

वडिलांचा निवृत्तीच्या समारंभातला फोटो आम्ही दिला होता. त्यात चष्म्याच्या एका काचेवर फ्लॅश चमकलाय, त्यामुळे तो डोळा नीट दिसत नाही. म्हणून आणखी काही फोटो दिले आणि डोळा त्यांवरून काढा असं सांगितलं. "फोटोत आणि चित्रात तोच तर फरक असतो," असं तो म्हणाला. चित्रात ती चमक जशीच्या तशी होती. साम्य म्हणाल तर शंभर टक्के, कारण तो फोटोच होता. पण पैसे दिले होते ते कुणीतरी त्या चेहऱ्याकडे बसून बघावं, न दिसणारा डोळा समजून घेऊन रंगवावा यासाठी.

ओळखीच्या एका निवृत्त कलाशिक्षकांनी भिंग लावून दाखवलं. गालावर रंग नव्हता, छपाईच्या बारीक रंगीत ठिपक्यांची रांगोळी होती. खऱ्या चित्रात ब्रश गालाच्या गोलाईबरोबर वळतो आणि फटकाऱ्याच्या उंचवट्याला स्वतःचा रंग असतो. इथे गाल, कॉलर, मागची भिंत, सगळीकडे एकाच दिशेचे बिनरंगी फटकारे.

वेळेवरूनही कळतं. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेत हळूहळू घट्ट होतं, म्हणून थर चढवायला दिवस जातात. शेवटचं व्हार्निश तर साधारण सहा महिने ते वर्षभराने देतात. आमचं चित्र तीन आठवड्यांच्या आत, कोरडं ठणठणीत, चकचकीत व्हार्निशसह आलं, आणि तेलाचा वास नावालाही नव्हता. मधल्या टप्प्यांचे फोटो तो पाठवायचा, पण एकात हात नाही, रंग कालवायची पॅलेट नाही, कॅनव्हास उभा करायचं इझल नाही. तेही संगणकातच तयार झालेले असणार. मागायचा तर इझलसमोर काम चालू असतानाचा व्हिडिओ मागा, बाजूने उजेड पाडून.

जाब विचारल्यावर तो म्हणाला, "हे मिक्स्ड मीडिया आहे," म्हणजे एकाच चित्रात वेगवेगळी माध्यमं. पावतीवर त्याने फक्त 'पोर्ट्रेट' लिहिलं होतं. छापील प्रतीवर काम करून ती तशीच सांगून, तशा किमतीत विकली तर माझी काहीच तक्रार नाही. पण हा माणूस तैलचित्राचे पैसे घेतो आणि जे खरोखर महिनोन्‌महिने इझलपुढे उभे राहतात त्यांच्या पोटावर पाय देतो. बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी रंगवलेले बालगंधर्व ज्या पुण्यात बघायला मिळतात, तिथे हे व्हावं याची मला चीड येते.

पावतीवर हे शब्द लिहून घ्या: 'कॅनव्हासवर संपूर्ण हाताने रंगवलेले तैलचित्र, खाली छपाई नाही.' माप, मुदत आणि मधल्या टप्प्यावर प्रत्यक्ष येऊन बघण्याची अट घाला. उरलेले पैसे भिंग लावून बघितल्यावरच द्या.

फसवले गेला असाल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. आम्ही केली आहे. नोटीस गेल्यापासून तो निम्मे पैसे परत करायला तयार आहे, अट एवढीच की आधी चित्र परत पाठवा. ते पाठवू नका. बिल, चॅट आणि बँकेची नोंद यांच्या जोडीला तोच सगळ्यात मोठा पुरावा आहे.