बचत गटाला मिळालेली ग्रंथपेटी : एक अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात गेल्या वर्षापासून तालुक्याच्या वाचनालयाची ग्रंथपेटी येते. तीनशे रुपये अनामत भरली की पंचवीस पुस्तकांची पत्र्याची पेटी बचत गटाला दोन महिन्यांसाठी मिळते, वेगळे भाडे पडत नाही. या खेपेला पाककृती आणि व्रतकथांच्या खाली मृणाल गोरे यांचे चरित्र निघाले. ते निवडणाऱ्या ग्रंथपालांचे मनापासून आभार मानले पाहिजेत.

अक्षर बारीक असल्यामुळे आम्ही ते रात्री जेवणे आटोपल्यावर समाजमंदिराच्या ओट्यावर मोठ्याने वाचले. वैद्यकीय शिक्षण सोडून राष्ट्र सेवा दलाच्या कामात पडलेल्या मृणालताईंचे पती केशव गोरे १९५८ मध्ये गेले. पदरी लहान मुलगी असताना त्या १९६१ मध्ये मुंबई महापालिकेत निवडून आल्या आणि गोरेगावच्या वस्त्यांना नळाचे पाणी मिळावे म्हणून इतक्या झगडल्या की लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले. डोक्यावर हंडा घेऊन दोन शेते ओलांडणाऱ्या बायांना हे नाव समजावून सांगावे लागले नाही. महापालिकेच्या आधी त्या गोरेगावच्या ग्रामपंचायतीवर होत्या, हे वाचल्यावर मात्र एका आजीने मला थांबवले. “म्हणजे हे बाई बी पयले पंचायतीतच होती का वं?” तो उतारा मग पुन्हा वाचला. आमच्या गटातील एक बाई पंचायत सदस्य आहेत. पुढच्या मासिक सभेत त्यांनी पाण्याच्या टाकीवरील दुरुस्तीचा खर्च वाचून दाखवायला लावला.

१९७२ च्या सुमारास महागाईविरुद्ध लाटणी घेऊन निघालेल्या मोर्चाच्या पानावर आधीच्या कुण्या वाचकाच्या बोटाचा हळदीचा डाग आहे. पुस्तक स्वयंपाकघरापर्यंत पोहोचले होते, याचा तो पुरावा वाटला.

दोन उणिवा मात्र सांगितल्याच पाहिजेत. आणीबाणीत मृणालताई भूमिगत राहिल्या आणि पुढे तुरुंगात गेल्या, नेमक्या त्या भागातील आठ पाने गळालेली आहेत, त्यामुळे श्रोत्यांना एकदम १९७७ च्या लोकसभा विजयावर यावे लागले. पाने गेलेली पुस्तके पेटीत भरण्यापूर्वी तपासायला हवीत. दुसरे म्हणजे पेटी बदलण्याची वेळ अकरा ते चार अशी आहे आणि कापूस वेचणीच्या दिवसांत त्या वेळी आमच्यातील एकही बाई घरी नसते. बाजाराच्या दिवशी सायंकाळी एक तास जरी ठेवला, तरी मजुरी बुडणार नाही.

पुढची पेटी नोंदवली आहे. हे चरित्र मात्र आणखी महिनाभर मागून घेतले, कारण शेजारच्या तांड्यावरील बायांनी त्यांच्याकडे येऊन ते पहिल्या पानापासून वाचण्याचा निरोप धाडला आहे.