जळगावात पिवळी मस्टँग: दसऱ्यापासून आतापर्यंतचा अनुभव, गाडीचा कमी आणि बघणाऱ्यांचा जास्त

इंजिन, गिअरबॉक्स आणि शून्य ते शंभर यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून तो भाग आधी उरकून टाकतो. गाडी फोर्ड मस्टँग जीटी, 2018 चं मॉडेल, सेकंड हँड. पाच लिटरचं व्ही-8 पेट्रोल इंजिन, 401 पीएस ताकद, 515 एनएम टॉर्क, सहा गिअरचं ऑटोमॅटिक. 2016 मध्ये ही भारतात आली तेव्हा शोरूमची किंमत 65 लाख होती. मी घेतली ती अर्थातच त्यापेक्षा बरीच स्वस्तात. पळते झकास, बसते जमिनीला टेकून, मागच्या सीटवर फक्त लहान पोरं आणि डबे मावतात. दसऱ्याला आणली, आता पाऊस सुरू झालाय. एवढ्या महिन्यांत गाडीने त्रास दिलेला नाही. जे काही सांगण्यासारखं आहे ते सगळं काचेच्या बाहेरचं आहे.

मुंबई-पुण्यात अशी गाडी सिग्नलला उभी राहिली तर लोक बघतात, फोटो काढतात आणि आपल्या वाटेने जातात. आपल्याकडे बघणारा जवळ येतो, टपावर हात ठेवतो आणि थेट व्यवहारावर येतो. पारोळा-अमळनेरकडे, "भाऊ, हाई गाडी कितलानी शे?" यावल-रावेरकडे, "कितीची हाय रे भो?" भाषा बदलते, प्रश्न तोच. दुसरा प्रश्नही ठरलेला: एव्हरेज काय देते? किती पळते हे विचारणारी फक्त कॉलेजची पोरं. पन्नाशीच्या पुढच्या एकाही माणसाने मला टॉप स्पीड विचारलेला नाही.

गाडी मुंबईहून आणलेली, त्यामुळे नंबर एमएच 02. राज्यातल्या राज्यात पत्ता बदलला तरी नंबर तोच राहतो. याचा परिणाम असा की पहिल्या नजरेत मी बाहेरचा. लोक दोन पावलं लांब उभे राहतात, हिंदीत बोलायला लागतात, "सर" म्हणतात. मी तोंड उघडून आपल्या बोलीत उत्तर दिलं की सगळा नूरच पालटतो. "अरे, हा तर आपलाच निघाला!" मग सर जातो, भाऊ येतो, आणि पाठोपाठ गाव कोणतं, कोणाचे तुम्ही, शेती किती, गाडी कर्जावर की रोखीत. बाहेरच्याला ही गाडी शोभते असं लोक धरून चालतात. आपल्यातल्या माणसाकडे ती असली की हिशेब लागतो, आणि तो हिशेब लोक तोंडावर मागतात. मला यात राग येण्यासारखं काही वाटत नाही. आपल्याकडे बैलजोडी घेतली तरी अख्खी गल्ली दात मोजायला यायची.

किमतीचं खरं उत्तर मी सुरुवातीला देत होतो. आता "जुनी घेतलीय, नव्या मोठ्या एसयूव्हीच्या भावात" एवढंच सांगतो. ते खरंही आहे आणि समोरच्याला डोक्यात माप बसवता येतं. एव्हरेज मात्र खरंच सांगतो: गावात पाच, हायवेला नीट चालवली तर आठ-नऊ. सावद्याला केळीच्या ट्रकवाल्याने हे ऐकलं आणि म्हणाला, "आमचा ट्रक बी एवढंच देतो भाऊ. पण तो पंधरा टन केळी नेतो." यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही. त्याच भागातल्या पोरांनी गाडीला नाव पाडलंय 'केळी'. रंगाकडे पाहिलं तर नाव चुकीचं म्हणता येत नाही.

आमची दाळ मिल आहे, त्यामुळे एक प्रसंग सविस्तर सांगायलाच हवा. तुरीची आवक सुरू झाली त्या दिवसांत गाडी घेऊन एकदा मिलवर गेलो. गेटजवळ माल घेऊन आलेले शेतकरी उभे होते. त्यांतले एक आप्पा, धोतर-टोपीतले, गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि अगदी शांतपणे विचारलं, "शेठ, हिचा भाव पन्नास लाख धरू का?" मी म्हटलं धरा. त्यांनी खिशातून बिडी काढली, ती न पेटवता बोटांत फिरवत तोंडी हिशेब केला. "यंदा तुरीचा हमीभाव 8,000. म्हणजे सव्वासहाशे क्विंटल झाली. एकरी पाच क्विंटल धरा, सव्वाशे एकर." बाजूचे हसले. आप्पा हसले नाहीत, बिडी कानावर ठेवली आणि काट्याकडे निघाले. बोलण्यात वाकडं काही नव्हतं, गणितही बरोबर होतं. त्यानंतर हंगामात गाडी मिलवर नेलेली नाही, माझी जुनी बोलेरो बरी. गाडी कोणाच्या पैशाची हा प्रश्न त्यांच्या मनात येणारच, आणि माल घेणाऱ्याने तो रोज त्यांच्या नजरेसमोर उभा करू नये असं माझं मत. कोणाला हे फार वाटेल, त्यांनी त्या गेटवर एक दिवस उभं राहून बघावं.

आता हायवे. जळगाव-धुळे, एरंडोल-पारोळ्यावरून. तिथली खरी डोकेदुखी पाठलाग. दुचाकीवर तिघं, मधल्याच्या हातात मोबाईल, आणि गाडी बरोब्बर माझ्या मागच्या चाकाच्या कोपऱ्यात, म्हणजे जिथे आरशात दिसत नाही तिथे. या गाडीचे मागचे खांब जाड आणि काच लहान, त्यामुळे डावीकडचा कोपरा तसाही आंधळाच. पोरं इशारे करतात, "पळव, पळव!" किंवा हाताने मूठ फिरवून आवाज काढायला सांगतात. चारपदरी रस्त्यावर मोटारीला मर्यादा ताशी 100 ची. मी ऐंशी-नव्वदने चालत असतो आणि बाजूला हेल्मेट नसलेली पोरं तेवढ्याच वेगात एका हाताने शूटिंग करत असतात. त्यांना काही झालं तर लोक म्हणणार पिवळ्या गाडीने उडवलं, आणि कोणी विचारणारही नाही की ती माझ्या बाजूला काय करत होती. म्हणून पहिल्याच महिन्यात पुढे-मागे डॅशकॅम बसवले. पोरं चिकटली की मी वेग वाढवत नाही, उलट डावीकडे घेऊन साठवर येतो. शूटिंगमध्ये काही घडत नाही म्हटल्यावर ती कंटाळतात. वेग वाढवला तर तीही वाढवतात, हे लक्षात ठेवा.

दुसरा प्रकार काळ्या काचांच्या एसयूव्हींचा. मागून लाइट मारत येतात, ओव्हरटेक करतात आणि पुढे जाऊन आरशात बघतात. त्यांना जाऊ द्यायचं. मस्टँगला मागे टाकली ही गोष्ट त्यांना संध्याकाळी चौकात सांगता येते, आपलं काही जात नाही. ट्रकवाले मात्र सगळ्यात सभ्य: हाताने वाट देतात आणि वर एक भोंगा वाजवतात.

वेग दाखवायची संधी तशीही गावागणिक संपते, कारण गतिरोधक. नियमाप्रमाणे गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असायला हवा. तसा असेल तर ही गाडी आरामात जाते, कारण खालून 137 मिलिमीटर मोकळी आहे. पण गावाने स्वतः वर्गणी काढून घातलेला गतिरोधक नियम वाचून घातलेला नसतो. तो अरुंद, उभा, आणि दोन चाकांच्या मधोमध गाडीचं पोट बरोब्बर टिपणारा. यावलच्या रस्त्यावर अशाच एका ठिकाणी मी गाडी तिरपी घालायला थांबलो, तर टपरीवरचे चौघं उठून आले. एक जण चक्क रस्त्यावर आडवा झाला, गाल डांबराला टेकवून. "येऊ द्या... येऊ द्या... डावीकडे घ्या... बोटभर जागा आहे... बस, निघाली!" मग उठून गालावरची खडी झटकली, आणि चौघांनी टाळ्या वाजवल्या. मागे एसटी थांबलेली, तिचा ड्रायव्हर खिडकीतून वाकून बघत होता, त्यानेही हॉर्न दिला नाही. चहाचे पैसे घेतले नाहीत. असं दर गावाला होतं, माणसं बदलतात. लोकांच्या या फुकटच्या लक्षाचा सगळ्यात मोठा फायदा हाच. अनोळखी रस्त्यावर मला आजवर कुठे एकट्याला अडकून पडावं लागलेलं नाही.

धाब्यांवर वेगळंच. शेवभाजी खायला थांबलो की मालक गाडी अगदी रस्त्याच्या तोंडाशी लावायला लावतो, पाणी मारलेल्या जागेवर. जाणाऱ्या गाड्या हळू होतात, त्यातल्या काही आत वळतात. जेवण चांगलं मिळतं, भाजीत तर्री जास्त पडते. मात्र जेवताना नजर ताटात ठेवता येत नाही, कारण कोणीतरी बोनेटवर मूल बसवून फोटो काढत असतो आणि मुलाच्या बुटाला खिळे असतात. रागवायचं नाही. "बाळाला आत बसवा, स्टेअरिंगवर चांगला फोटो येईल" म्हणायचं. बोनेटही वाचतं आणि माणूसही खूश होतो.

पेट्रोल पंपावर वेगळा खेळ. टाकी साठेक लिटरची. नळी लागली की चार माणसं मीटरसमोर उभी राहतात आणि आकडा वाढताना बघतात. पाच हजार ओलांडले की कोणीतरी "अरे बापरे" म्हणतोच.

मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत गेलो होतो, दोंडाईच्यावरून. गाडीच्या तोंडावर पळता घोडा, आणि निघालो घोड्यांच्या बाजाराला, त्यामुळे गर्दी होणार असं धरून बायकोने आधीच गॉगल लावला होता. एक माणूस फिरकला नाही. तापीकाठी मारवाडी, काठेवाडी घोडे उभे, त्यांच्या किमती लाखांत बोलल्या जात होत्या, माणसं देवमण (घोड्याच्या गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा) बघत होती, दात बघत होती, चाल काढायला लावत होती. माझी गाडी धुळीत इतर गाड्यांबरोबर. एक म्हातारे व्यापारी गाडीला टेकून तंबाखू मळत होते, मी आल्यावर त्यांनी जाळीवरचा घोडा निरखला. पाय बरे टाकतो म्हणाले, पण पिवळा घोडा कोण घेणार? मग स्वतःच्या पंचकल्याणीचे (चारही पाय आणि तोंड पांढरं असलेल्या घोड्याचे) फोटो मोबाईलवर दाखवत बसले. या सगळ्या महिन्यांत मला गाडीपाशी निवांत उभं राहता आलं ते तिथेच. तिथे बघण्यासारखं दुसरं काही होतं आणि लोकांना त्यातलं कळत होतं.

बायकोचा अनुभव माझ्यापेक्षा वेगळा आहे, आणि घेणाऱ्याने घरी हा विषय आधी काढावा. मी चालवतो तेव्हा लोक गाडी बघतात. ती चालवते तेव्हा तिला बघतात. काव्यरत्नावली चौकात ती चालवत होती, मी शेजारी. बाजूच्या स्कूटरवाल्याने तिच्याकडून वाकून, तिच्या तोंडासमोरून मला विचारलं, "दादा, काय भावाला पडली?" म्हटलं मॅडमला विचारा. तो हसला, उत्तर काही ऐकलं नाही. काचा बंद ठेवल्याशिवाय ती आता गाडी बाहेर काढत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीशीत गेल्यावर हे तसंही सगळ्यांना करावंच लागतं. एकटी असेल तर ती आपली जुनी हॅचबॅक नेते. मला हे खटकतं, पण तिचं म्हणणं बरोबर आहे.

नाकाबंदीत थांबवतात, हे गृहीत धरा. कागद चोख ठेवा, सायलेन्सर कंपनीचाच असू द्या, बोलणं दोन मिनिटांत संपतं. तिसरं मिनिट सेल्फीचं.

वर्गणीची पावती मात्र फुगते. भंडारा, क्रिकेटच्या स्पर्धा. पावतीवर आकडा आधीच लिहून येतो आणि तो बोलेरोच्या काळातल्या आकड्यापेक्षा तिप्पट असतो. गॅरेजवालाही पंक्चरचा दर सांगण्याआधी एकदा गाडीकडे बघतो. घासाघीस करायला गेलं की "भाऊ, तुम्ही पण?" हा टोमणा ठरलेला. मी तरीही करतो.

आणि लग्नसराई. नवरदेवासाठी गाडी मागणाऱ्यांचे फोन आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) थांबले नाहीत. ओळखीच्यांना दोन-तीनदा दिली, चालवायला मीच बसलो. पैसे देऊ करणारेही भेटले. पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल, हे एकदा नीट समजावलं की विषय मिटतो. अडचण दुसरीच असते. डीजेमागे वरातीत अर्धा-पाऊण तास पायी चालीने गाडी चालवायची, इंजिन तापतं, आणि फुलांच्या माळा लावायला आणलेली चिकटपट्टी रंगावर डाग ठेवते. माळा सुतळीने आरशाला बांधा, चिकटपट्टीला हात लावू देऊ नका.

खान्देशात कोणी अशी गाडी घ्यायचा विचार करत असेल तर माझं सरळ मत: इंजिनाची चौकशी नंतर करा, आधी रंग ठरवा. काळी किंवा राखाडी घेतली तर निम्मा ताप कमी होईल. आणि तुमच्या धंद्यात रोज शेतकरी, मजूर किंवा देणेकरी समोर येत असतील तर दुसरी साधी गाडी विकू नका. कुठे गेलो, कोणाकडे थांबलो, किती वेळ होतो, हे संध्याकाळपर्यंत घरी पोचलेलं असतं. गुपचूप कुठे जाणं संपलं. मला त्याचं वावडं नाही, पण सगळ्यांना जमेलच असं नाही.

आमच्या घरात सध्या गाडीला राखाडी रॅप, म्हणजे वरून रंगीत फिल्म, करायचं चाललंय. रंग बदलला की आरसीत नोंद करावी लागते, तेवढी धावपळ करायची माझी तयारी आहे. अडून बसलाय तो भाचा. त्याचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर आहे, आणि सोयऱ्यांना त्याने पिवळी गाडी येणार असं सांगून ठेवलंय.