इंग्लंडमध्ये घर घेताना: सॉलिसिटर, लायसन्स्ड कन्व्हेयन्सर की ऑनलाइन कंपनी?

‘कन्व्हेयन्स’ हा शब्द महाराष्ट्रातील वाचकाला बहुधा ठाऊक असतो तो बिल्डरने सोसायटीच्या नावावर जमीन करून न दिल्याच्या तक्रारीतून. इंग्लंड आणि वेल्समध्ये मात्र ‘कन्व्हेयन्सिंग’ म्हणजे खरेदीदाराची ऑफर स्वीकारली गेल्यापासून लँड रजिस्ट्रीत, म्हणजे मालमत्तांच्या मालकीच्या सरकारी नोंदवहीत, त्याचे नाव लागेपर्यंतचे सगळे कायदेशीर काम होय. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दोन साक्षीदार घेऊन जाणे, फोटो काढून अंगठा देणे, असा प्रकार येथे नाही; आयुष्यातील सर्वांत मोठी खरेदी करणारा माणूस एकाही सरकारी कचेरीची पायरी न चढता घरमालक होतो. त्यामुळे हे काम कोणाकडे सोपवायचे, हा निर्णय आपल्याकडे वकील निवडण्यापेक्षा अधिक गंभीर ठरतो. (स्कॉटलंडची पद्धत निराळी असल्याने तिचा विचार येथे केलेला नाही.)

पहिली तुलना पदवीची. सॉलिसिटर हा सर्वसाधारण वकील असून त्याच्यावर सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीचे नियंत्रण असते. लायसन्स्ड कन्व्हेयन्सर हा मालमत्तेच्या व्यवहारांत विशेष प्रशिक्षण घेतलेला व्यावसायिक असून त्याचे नियमन काउन्सिल फॉर लायसन्स्ड कन्व्हेयन्सर्स करते. पूर्वी या कामावर सॉलिसिटरांची मक्तेदारी होती. १९८५ च्या कायद्याने ती मोडली आणि हा दुसरा वर्ग उभा राहिला. दोघांनाही व्यावसायिक विमा सक्तीचा आहे, दोघांविरुद्धच्या तक्रारी लीगल ओंबड्समन या वकिलांविरुद्धच्या तक्रारींच्या लवादाकडेच जातात आणि साध्या घराच्या व्यवहारात दोघांचे काम तंतोतंत सारखे असते. म्हणून केवळ ‘सॉलिसिटर’ या पाटीसाठी जास्त पैसे मोजणे मला अनाठायी वाटते. अपवाद एवढाच की, व्यवहाराला कायद्याच्या दुसऱ्या शाखेचा फाटा फुटण्याची शक्यता असल्यास, म्हणजे घटस्फोटातून विकले जाणारे घर, वारसांमधील वाद किंवा शेजाऱ्याशी हद्दीचे भांडण असल्यास, सॉलिसिटरची पेढी बरी. तेथे शेजारच्या खोलीत त्या विषयाचा माणूस बसलेला असतो. कन्व्हेयन्सरला अशा वेळी प्रकरण बाहेर पाठवावे लागते. रोखीने घर घेणाऱ्याने हे काम स्वतः करण्यास कायद्याची आडकाठी नाही, परंतु कर्ज असल्यास बँक त्याला मान्यता देत नाही, आणि आपल्यापैकी बहुतेकांना कर्ज असतेच.

खरा फरक पडतो तो फाइल कोण हाताळते यावर. गावातील लहान पेढीत एकच व्यक्ती पहिल्या पत्रापासून किल्ल्या मिळेपर्यंत आपले प्रकरण पाहते आणि तिला फोनवर गाठता येते. ऑनलाइन कंपनीचा दर सहसा कमी असतो, प्रकरण कोठवर आले हे रात्री अकरा वाजताही पोर्टलवर दिसते, कागद घरबसल्या अपलोड करता येतात. मात्र तेथे एकेका व्यक्तीकडे फायलींचा ढीग असतो, मधेच माणूस बदलतो, आणि नव्या माणसाला सारा इतिहास पुन्हा सांगावा लागतो. ही केवळ गैरसोय नसून तिला पैशांत मोजता येण्याजोगी किंमत आहे. येथे करारांची देवाणघेवाण, म्हणजे ‘एक्स्चेंज’, होईपर्यंत कोणताही पक्ष बांधील नसतो. ऑफर स्वीकारल्यानंतरही विक्रेता दुसऱ्याची चढी बोली घेऊ शकतो, आणि तोवर सर्चसाठी, म्हणजे नगरपालिका वगैरेंकडून घराविषयी अधिकृत माहिती मागवण्यासाठी, व सर्वेक्षणासाठी केलेला खर्च पाण्यात जातो. एक्स्चेंजच्या वेळी साधारण दहा टक्के डिपॉझिट दिले की मग दोघेही अडकतात. ऑफर ते एक्स्चेंज हा काळ अनेकदा दोन-तीन महिन्यांचा असतो, आणि पत्राला दहा-दहा दिवस उत्तर न देणारी पेढी तो आणखी लांबवते.

स्थानिक पेढीच्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे. नगरपालिकेचा शोध (सर्च), पाणी व सांडपाण्याचा शोध आणि पर्यावरणविषयक शोध हे सगळेच मागवतात. परंतु डरहॅमकडे जुन्या कोळसा खाणींचा, कॉर्नवॉलमध्ये कथिलाच्या खाणींचा, चेशायरमध्ये मिठाच्या पाण्याच्या उपशाने खचणाऱ्या जमिनीचा शोधही घ्यावा लागतो. ऑनलाइन कंपनीचे सॉफ्टवेअर पिनकोडवरून हे शोध सुचवते, हे खरे. पण आलेला अहवाल वाचून “या गल्लीत सगळ्यांचाच असा येतो, घाबरू नका” किंवा “येथे मात्र थांबा” असे सांगणे त्या भागात वर्षानुवर्षे काम केलेल्यालाच जमते. यांपैकी कोणीही घर प्रत्यक्ष पाहायला जात नाही, हेही ध्यानात ठेवावे. भिंतीतील ओल शोधणे हे सर्वेक्षकाचे काम आहे आणि त्याची फी वेगळी असते.

भारताशी नाळ असलेल्या खरेदीदाराने निवड करताना ज्या कसोटीवर सर्वाधिक भर द्यावा ती म्हणजे पैशांचा उगम आणि मुद्रांक शुल्क. २०१७ च्या मनी लाँडरिंग नियमांमुळे डिपॉझिटचा प्रत्येक पौंड कोठून आला हे पेढीला तपासावे लागते. आईवडिलांनी पुण्यातील ठेव मोडून पैसे पाठवले असतील, तर देणगीपत्र, त्यांची ओळखपत्रे, ठेव मोडल्याची नोंद आणि बँकेचे खातेउतारे मागितले जातात. भारतातील रहिवाशाला उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंतच रक्कम बाहेर पाठवता येते, त्यामुळे मोठी रक्कम दोघांच्या खात्यांतून किंवा मार्चअखेर व एप्रिलमध्ये अशी दोन टप्प्यांत येते, आणि हे ज्याने आधी पाहिलेले नाही त्याला तुकड्यातुकड्यांनी आलेले पैसे संशयास्पद वाटतात. काही पेढ्या परदेशातून आलेल्या देणग्यांची प्रकरणे घेतच नाहीत. हे तीन महिन्यांनी कळण्यापेक्षा पहिल्याच फोनवर विचारलेले बरे.

मुद्रांक शुल्काचे गणित याहून बोचरे आहे. इंग्लंडमध्ये १ एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी ४ लाख पौंडांच्या घरावर सर्वसाधारण खरेदीदाराला १०,००० पौंड शुल्क पडते. पहिल्यांदाच घर घेणाऱ्याला सवलतीमुळे ५,००० पडते. पण ज्याच्या मालकीचे दुसरे घर आहे आणि जो आपले आधीचे राहते घर विकून हे घेत नाही, त्याला किमतीच्या पाच टक्के अधिभार लागून आकडा ३०,००० वर जातो. आणि ‘दुसरे घर’ म्हणजे जगात कोठेही असलेले घर. कोथरूडचा फ्लॅट किंवा त्यातील हिस्सा ४०,००० पौंडांहून कमी किमतीचा नसेल तर तो यात मोजला जातो. तो पत्नीच्या नावावर असला तरी सहसा सुटका होत नाही. शिवाय वडिलांबरोबर नाव लावलेल्या, वारशाने आलेल्या घरातील हिस्साही पहिल्या घराची सवलत घालवू शकतो. शुल्काचे विवरणपत्र व्यवहार पूर्ण झाल्यापासून १४ दिवसांत भरायचे असते आणि ते पेढीच भरते, पण ग्राहकाने सांगितलेल्या माहितीवर. स्वस्त कंपन्यांच्या करारपत्रात ‘करविषयक सल्ला दिला जाणार नाही’ असे वाक्य अनेकदा असते. भारतात मालमत्ता असलेल्याने दरपत्रकाच्या आधी हे वाक्य शोधावे. ते असेल, तर वाचलेले दोन-तीनशे पौंड वेगळ्या कर सल्लागाराकडे जातील असे समजावे.

दरांची तुलना करताना मोठ्या अक्षरातील आकड्यावर जाऊ नये. डिसेंबर २०१८ पासून सॉलिसिटर पेढ्यांना कन्व्हेयन्सिंगचे दर जाहीर करावे लागतात, तरीही फीवरील २० टक्के व्हॅट, शोधांचा खर्च, लँड रजिस्ट्रीची फी आणि बँक हस्तांतराचा आकार वेगळा लागतो; लीजहोल्ड (ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्याने मिळणारी मालकी), भेटीदाखल आलेले डिपॉझिट, कर्जदात्या बँकेचे काम यांचे जादा आकार खालच्या ओळींत असतात. एस्टेट एजंट ज्या पेढीचे नाव आग्रहाने सुचवतो, तिच्याकडून त्याला बहुधा संदर्भशुल्क, म्हणजे ग्राहक पाठवल्याबद्दलचे पैसे, मिळते. पेढीने ते उघड करणे बंधनकारक आहे, म्हणून नि:संकोच विचारावे. एजंटने सुचवलेली पेढी वाईटच असते असे नाही, परंतु एजंटला विक्रेता पैसे देतो, आपण नव्हे. याखेरीज, निवडलेली पेढी आपल्या बँकेच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का हे पाहावे. नसल्यास बँक आपला वेगळा वकील नेमते आणि त्याची फी आपल्यावर पडते.

फ्लॅट घ्यायचा असेल तर माझे मत स्पष्टपणे अनुभवी माणसाकडे झुकते, मग तो सॉलिसिटर असो वा कन्व्हेयन्सर. येथील बहुतेक फ्लॅट लीजहोल्ड असतात. उरलेली मुदत, भूभाडे, देखभाल खर्चाचा इतिहास, आणि उंच इमारतींच्या बाबतीत २०२२ च्या बिल्डिंग सेफ्टी कायद्यातील भानगडी, हे सगळे वाचून समजून सांगावे लागते. अशी प्रकरणे नाकारणाऱ्या पेढ्याही आहेत. साधे, फ्रीहोल्ड (जमिनीसह कायम मालकीचे), आधीच नोंदणी झालेले घर आणि येथील पगारातून साठवलेले डिपॉझिट, एवढेच असेल तर ऑनलाइन कंपनी निवडायला हरकत नाही.

विक्रेत्याचे काम त्या मानाने हलके, त्यामुळे त्याला स्वस्त पर्याय परवडतो. पण मालमत्तेविषयीच्या प्रश्नांची उत्तरे देताना नव्हे. फेब्रुवारी २०२५ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने नॉटिंग हिलमधील सव्वातीन कोटी पौंडांच्या घराची विक्री रद्द ठरवली, कारण भिंतींत उष्णतारोधक म्हणून भरलेल्या लोकरीत कसर लागलेली असताना विक्रेत्याने खरेदीपूर्व प्रश्नांना खोटी उत्तरे दिली होती. भारतात परतलेल्या आणि लीड्सचे किंवा स्लाउचे घर तेथून विकणाऱ्यासाठी प्रश्न वेगळे आहेत: हस्तांतराच्या दस्तावर साक्षीदारासमोर प्रत्यक्ष सही लागते, ओळख दुरून पटवावी लागते, आणि नफा झाला नसला तरी अनिवासी म्हणून भांडवली नफ्याचे विवरणपत्र ६० दिवसांत भरावे लागते. परदेशस्थ विक्रेत्यांची कामे नियमाने करणारी पेढीच अशांनी धरावी, आणि घर बाजारात आणण्यापूर्वी धरावी; कुरियरने पुण्याला गेलेला दस्त साक्षीदाराचा पत्ता राहिला म्हणून परत आला, की एकमेकांवर अवलंबून असलेल्या व्यवहारांच्या साखळीतील पुढचे-मागचे सगळे खरेदीदार त्याची वाट पाहत बसतात.