नाइट गार्ड : दात वाचले, मानेचं श्रेय सवयी बदलण्याला

नाइट गार्ड म्हणजे झोपेत दात खाणाऱ्यांनी रात्री दातांवर घालायचं कवच, ते पाच महिने रोज रात्री वापरून मग लिहितोय, पार्सल उघडल्या उघडल्या पाच स्टार देणाऱ्यातला मी नाही. ५ पैकी साडेतीन.

आधी मानेचं सांगतो, कारण सुरुवात तिथून झाली. गुहागरात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, दिवसभर कॉम्प्युटरपुढे मान पुढे काढून बसायचं, दोन वर्षं उजवी मान धरलेली, कळ कानामागून चढत कपाळापर्यंत. एक्सरे झाला, वयाप्रमाणे थोडी झीज आहे म्हणाले, पट्टा लावून झाला, तेल चोळून झालं, उशा तीन बदलल्या, त्यातली मेमरी फोमची अठराशेची आता मांजरीकडे आहे. फिजिओने चार दिवस बरं वाटायचं की परत तेच. दुखायचं सगळ्यात जास्त सकाळी उठल्या उठल्या, म्हणजे रात्री काहीतरी होत होतं, पण हे कोणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही.

बायको मात्र सांगत होती, "अहो, तुम्ही झोपेत दात खाता, करकर आवाज येतो, मला जाग येते." आत्या म्हणाली जंत झाले असतील. ४७ वर्षांच्या घोड्याने जंताची गोळी घेतली!! फरक शून्य. मग एक दिवस साधं घावन खाताना दाढेचा टवका उडाला तेव्हा कुठे चिपळूण गाठलं, दाताच्या दवाखान्यात.

डॉक्टर बाईंनी पहिल्यांदा तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगितली, माझी अडीचच गेली. लगेच प्रश्न, सुपारी खाता? आता गुहागरचा माणूस, मागच्या दारी पोफळी, काय सांगणार. त्यांनी गाल आतून नीट तपासले कारण सुपारीने आतली कातडी कडक होत जाते, तोंड उघडेनासं होतं आणि पुढे कॅन्सरचा धोकाही असतो. माझं ते नव्हतं, सुटलो. जबडा आवळून आवळून स्नायूच ताठरलेले. कानाखाली जबड्याच्या कोपऱ्यात दाबलं तर ओरडलोच, आणि खांदा नि मानेमधला स्नायू चिमटीत धरला तर कळ थेट जबड्यात.

त्यांनी सांगितलं ते मला आमच्या शिंपण्यावरून समजलं. जबड्याकडून येणाऱ्या नसा आणि मानेच्या वरच्या दोन-तीन मणक्यांतून येणाऱ्या नसा मेंदूच्या देठाखाली एकाच जागी येऊन मिळतात, म्हणजे दोन बागांना एकच पाट, कुठलं पाणी कुठल्या आळ्यात शिरलं कळतच नाही. म्हणून दुखणं जबड्याचं असलं तरी मान ओरडते आणि उलटंही होतं. आणि झोप? तर दात खाणं बहुतेक वेळा झोप काही सेकंद पातळ होते तेव्हा होतं, आपल्याला पत्ता नसतो. झोप अशी तुटत राहिली की दुखणं सहन करायची ताकद कमी होते, मग तेवढंच दुखणं जास्त दुखतं आणि दुखतं म्हणून परत झोप तुटते.

आता वस्तू. आधी मी ऑनलाइन ३९९ चं मऊ रबरी घेतलं होतं, गरम पाण्यात घालून चावून आकार द्यायचं. ते मी चघळलं अक्षरशः, १९ दिवसांत भोक, आणि जबडा जास्तच थकलेला, काही लोक मऊ वस्तूवर उलट जास्त चावतात म्हणे. हे दुसरं दातांचं माप घेऊन बनवलेलं, कडक ॲक्रिलिकचं, वरच्या दातांवर बसणारं, साडेपाच हजार, दहा दिवसांनी मिळालं. पहिल्यांदा उजवीकडे उंच बसत होतं, दोन रात्री डोकं ठणकलं, परत ४५ किलोमीटर जाऊन आलो, त्यांनी निळा कागद चावायला लावून दहा मिनिटांत घासून दिलं, पैसे घेतले नाहीत, पण दुकान बंद राहिलं त्याचं काय. आधीच नीट बघायला हवं होतं, अर्धा स्टार तिथे गेला. पहिला आठवडा लाळ गळते, तयारी ठेवा.

दुसरा एक स्टार यासाठी की याने दात खाणं थांबत नाही. डॉक्टरांनी हे स्पष्ट सांगितलं होतं, विकणारे सांगत नाहीत. दातांऐवजी ते झिजतं, बस्स. माझ्या गार्डवर आता रेघा दिसतात, त्या दाढेवर पडल्या असत्या.

मान दहापैकी आठवरून तीनवर आली ती बाकीच्या गोष्टींनी. दिवसा ओठ मिटलेले पण दात सुटे ठेवायचे, सातबारा काढताना सर्व्हर अडकला की मी दात आवळतो हे मला माहीतच नव्हतं, मॉनिटरवर "दात!" अशी चिठ्ठी लावलीय, गिऱ्हाइकं विचारतात डेंटिस्टची एजन्सी घेतली का. सुपारी बंद, पालथं झोपणं बंद, संध्याकाळी सहानंतर चहा बंद. सुपारी सुटली, चहा अजून जीव खातो.

घोरत असाल तर मात्र आधी झोपेची तपासणी करा, श्वास अडकत असेल तर नुसतं गार्ड घालून चालत नाही. मला विचारलं तेव्हा माझ्या आधी बायकोनेच हो म्हटलं. माझी तपासणी पुढच्या महिन्यात.

आणि गार्ड गरम पाण्याने धुऊ नका, वाकतं. गार पाणी, मऊ ब्रश, डबीचं झाकण घट्ट, नाहीतर मुंग्या लागतात, मी एका रात्री न बघता घातलं होतं.