डीसीएस एल-३९ अल्बाट्रॉस: लँडिंग का फसतं हे शिकवणारं मॉड्यूल

डीसीएस वर्ल्ड या विमान उडवण्याच्या संगणक खेळात (मॉड्यूल म्हणजे त्यात वेगळं घ्यायचं विमान) एफ-१६ आणि एफ-१८ ही लढाऊ विमानं हाताशी असताना हे जुनं चेकोस्लोव्हाक ट्रेनर विमान कशाला घ्यायचं? उत्तर फायनलच्या, म्हणजे धावपट्टीकडे सरळ उतरण्याच्या टप्प्याच्या, शेवटच्या किलोमीटरमध्ये आहे. एफ-१६ मध्ये वैमानिकाच्या ढिलाईवर संगणक पांघरूण घालतो. एल-३९ मध्ये दांडीपासून एलेव्हेटरपर्यंत (नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी) साध्या सळ्या आहेत, मध्ये हायड्रॉलिक मदत नाही. जे कराल तेच होतं, आणि इंजिन सांगितलेलं काम उशिरा करतं.

विमानाबद्दल थोडक्यात. एरो वोडोखोडी कंपनीच्या या विमानाचं पहिलं उड्डाण ४ नोव्हेंबर १९६८ रोजी झालं. एल-२९ च्या जागी ते आलं, अडीच हजारांहून जास्त बनली, आणि सोव्हिएत गट फुटल्यावर त्यातली बरीच अमेरिकेत खाजगी मालकांकडे गेली. अशा जुन्या जेट ट्रेनरचे उतरतानाचे अपघात साधारण तीन जातींचे: धावपट्टीच्या अलीकडेच आपटणं, पलीकडे घसरत जाणं आणि चाकं न काढता टेकणं. पहिल्या दोन जाती हे मॉड्यूल फार चांगल्या दाखवतं.

पहिलीचं मूळ एआय-२५टीएल या इंजिनात. जोर १,७२० किलो, म्हणजे विमानाच्या मानाने बेताचाच. पण खरी अडचण वेगळी. आयडलपासून (सर्वात कमी शक्ती) पूर्ण शक्तीपर्यंत यायला त्याला ९ ते १२ सेकंद लागतात. फायनलवर वेग ताशी २३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ६४ मीटर. दहा सेकंदांत विमान ६४० मीटर पुढे आणि नेहमीच्या तीन अंशांच्या उतारावर ३० मीटरहून जास्त खाली आलेलं असतं. म्हणजे उंच आलो म्हणून थ्रॉटल आयडलवर ओढला आणि ३० मीटरवर वेग कमी पडतोय हे लक्षात आलं, तर थ्रॉटल पुढे ढकलून उपयोग शून्य. नवखा अशा वेळी दांडी मागे ओढतो, हवेचा विरोध वाढतो, वेग आणखी घसरतो आणि विमान धावपट्टीच्या तोंडाशी धाडकन बसतं. मॉड्यूलमध्ये हा सगळा क्रम अगदी रास्त वेगाने घडतो. उपाय एकच: फायनलवर आरपीएम (इंजिनाचे फेरे) ७० टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायचा नाही. उंची जास्त झाली तर पोटाखालचे एअरब्रेक उघडायचे. शक्ती तशीच राहते आणि उतार वाढतो.

आकडे किलोमीटरमध्ये असल्याने नॉटचा गुणाकार करावा लागत नाही, हे एक सुख. डाउनविंडला, म्हणजे धावपट्टीला समांतर उलट दिशेने जाताना, ३००, चाकं ३३० च्या आत काढायची. फ्लॅप (पंखांमागच्या खाली वळणाऱ्या पट्ट्या) २५ अंशांवर ठेवून २८० ने वळण घ्यायचं. फायनलला २५० वर फ्लॅप पूर्ण, म्हणजे ४४ अंश, आणि वेग २३०. धावपट्टीच्या तोंडाशी २०० ते २१० आणि टेकताना १८० ते १९०. वेग ३१० च्या वर गेला की फ्लॅप आपोआप मिटतात. फ्लॅप टिकत नाहीत अशी तक्रार करण्याआधी वेगाचा काटा बघा.

दुसरी जात जास्त वेगाची. १८० ऐवजी २२० ने टेकलात तर जिरवायची ऊर्जा जवळपास दीडपट होते. ६५० मीटरांत थांबणारं विमान मग हजाराच्या आसपास जातं, तेही ब्रेक वेळेवर लागले तर. शिवाय २२० ला पंखांत अजून भरपूर जोर असतो, म्हणून विमान उसळतं. उसळल्यावर दांडी पुढे ढकलली की नाकाचं चाक आधी आपटतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या उसळीला ते मोडतं. उसळलात तर दांडी जागच्या जागी धरा, नाहीतर पूर्ण थ्रॉटल देऊन गो-अराउंड करा, म्हणजे न उतरता पुन्हा वर जा. तेव्हाही फ्लॅप आधी २५ वर आणायचे, एकदम शून्यावर नाही.

ब्रेकचं सेटिंग मात्र कोणी नीट सांगत नाही. या विमानाला पायाने दाबायचे ब्रेक नाहीत. दांडीवर एक खटका आहे. तो दाबून ज्या बाजूला रडर (पायाने चालणारं शेपटीचं सुकाणू) द्याल त्या बाजूचं चाक जास्त धरतं. नाकाचं चाक मोकळं फिरतं, त्याला स्टिअरिंग नाही. खेळात ब्रेक डब्ल्यू कळीवर राहू दिला तर तो एकदम पूर्ण लागतो. वर थोडासा रडर दाबलेला असेल तर विमान गवतात. म्हणून जॉयस्टिकवरचा लिव्हर किंवा पेडलचा एक अ‍ॅक्सिस (हळूहळू बदलणारा इनपुट) व्हील ब्रेकला जोडा, इन्व्हर्टची (उलट दिशेची) खूण लागते का ते तपासा, थोडा कर्व्ह द्या, म्हणजे सुरुवातीला ब्रेक हलका लागेल. हे केल्याशिवाय मॉड्यूलला नावं ठेवू नयेत.

इंजिन बंद पडल्यावरचं लँडिंग या पैशांत मिळणारी सर्वात चांगली शिकवणी आहे. मिशन एडिटरमध्ये बिघाडांचा टॅब आहे. वेळ आणि शक्यतेची टक्केवारी टाकता येते. जनरेटर गेला की वाऱ्यावर फिरणारी छोटी टर्बाइन आपोआप बाहेर येते, पण ती फक्त वीज देते. चाकं आणि फ्लॅप साठवलेल्या हायड्रॉलिक दाबावर, उजवीकडच्या आपत्कालीन लिव्हरने काढायचे. हा साठा पुन्हा भरत नाही. ग्लाइडचा वेग २६०. थांबताना आपत्कालीन ब्रेक हलक्या हाताने. व्हीएस-१ हे वैमानिकाला बाहेर फेकणारं आसन जमिनीवरून सुटायला किमान १५० चा वेग लागतो. त्याखाली घसरत असाल तर हँडल ओढून काही मिळणार नाही, आत बसूनच राहावं.

आता उणिवा. धावपट्टीबाहेरची माती फारच माफ करणारी आहे. खऱ्या जमिनीत नाकाचं चाक रुततं आणि खेळ तिथेच संपतो. इथे बऱ्याचदा विमान डुलत-डुलत थांबतं आणि खेळाडूला वाटतं, वाचलो. धावपट्टीच्या कडेची पांढरी रेघ ओलांडली की अपघात झाला असं स्वतःच धरून चला. पक्षी धडकण्याची शक्यता पर्यायांमध्ये वेगळी वाढवावी लागते. लांब उड्डाणाचा रिप्ले मूळ उड्डाणापासून भरकटतो, तेव्हा टेकतानाचा वेग आणि उतार तपासायला टॅकव्ह्यू हा उड्डाणाची नोंद दाखवणारा वेगळा प्रोग्रॅम वापरलेला बरा.

एल-३९सी आणि तोफवाली झेडए, दोन्ही याच खरेदीत येतात. लँडिंगच्या सरावाला सी पुरे. मागच्या सीटवरून प्रशिक्षक पुढच्याची काही उपकरणं बंद पाडू शकतो, ही सोय मित्राबरोबर धमाल आणते. मात्र मॉड्यूल दोघांकडेही असावं लागतं. कॉकपिटवरची रशियन अक्षरं सेटिंगमधून इंग्रजी करता येतात. भारतीय हवाई दलात एल-३९ कधी नव्हतं. तिथे किरण हे देशी जेट ट्रेनर होतं, आणि १९७५ पासून पोलंडचं इस्क्रा. किरण पूर्ण मॉड्यूल म्हणून मिळालं असतं तर आधी तेच सुचवलं असतं.

घेण्याआधी १४ दिवसांची मोफत चाचणी वापरा. नकाशा मोफत मिळणारा कॉकेशस, विमानतळ मायकोप. शस्त्रं काहीही लावू नका, इंधन अर्धं ठेवा, आणि फक्त सर्किट मारा, म्हणजे उडून धावपट्टीला फेरी मारून पुन्हा उतरा. शांत हवेत १८० ते १९० ने, धावपट्टीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात टेकणं जमू लागलं की बाजूचा वारा सेकंदाला ५ मीटर टाका. तिथेही मजा टिकली तर पैसे भरा.