टेस्टर टीममध्ये असावा की क्यूएची टीम वेगळी असावी?

टीमची नव्याने बांधणी करायची म्हटलं की हा प्रश्न येतोच. टेस्टरने पहिल्या दिवसापासून स्क्रम टीममध्ये (छोट्या टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीममध्ये) बसायचं, की क्यूएची, म्हणजे गुणवत्ता तपासणाऱ्यांची, टीम वेगळी ठेवून तिच्याकडे बिल्ड (चालवून पाहता येईल असं तयार सॉफ्टवेअर) सोपवायचं? मी डेव्हलपर म्हणून दोन्ही पद्धतींत बराच काळ काम केलं. पुढे टीम उभी करायची जबाबदारी आली तेव्हा टेस्टर आत घेतले. सगळ्यांनी तसंच करावं असा आग्रह नाही, पण माझा निर्णय कशावरून झाला ते सांगतो.

एक गैरसमज आधी बाजूला ठेवू. 2020 च्या स्क्रम गाइडमध्ये (स्क्रम पद्धतीच्या अधिकृत पुस्तिकेत) टेस्टर अशी भूमिकाच नाही; प्रॉडक्ट ओनर, स्क्रम मास्टर आणि डेव्हलपर्स एवढेच. त्यावरून काही जण टेस्टरची गरजच उरली नाही असा अर्थ काढतात. तिथे ‘डेव्हलपर्स’मध्ये वापरता येण्याजोगं इन्क्रिमेंट (उत्पादनातली नवी भर) तयार करणारे सगळेच येतात. टेस्टिंगचं कौशल्य कुठेही गेलेलं नाही, फक्त त्याच्याभोवतीची भिंत काढली आहे.

वेगळ्या टीमचा सर्वांत मोठा फायदा म्हणजे ताजी नजर, आणि तो खरा आहे. रोज त्याच कोडच्या चर्चेत बसणारा माणूस नकळत, जी वाट चालते हे ठाऊक आहे तिनेच जायला लागतो. मी पाहिलेल्या वेगळ्या क्यूए टीममधल्या काही जणांची निरीक्षणशक्ती विलक्षण होती. स्क्रीनची रचना आम्ही काय विचार करून केली हे त्यांना माहीतच नसायचं, म्हणून ते नेमके तिथेच अडखळायचे जिथे वापरणारा अडखळला असता. शिवाय अनेक टीमचं काम एका रिलीझमध्ये येत असेल, तर सगळ्या सिस्टिममधून जाणारा प्रवास तपासायला कुणीतरी लागतंच.

काही क्षेत्रांत तर निवडीला फारसा वावच नाही. विमानातल्या सॉफ्टवेअरसाठीच्या डीओ-178सी मानकात वरच्या पातळ्यांवर काही पडताळण्या, ज्याने ते काम केलं त्याच्याखेरीज दुसऱ्याने करणं बंधनकारक आहे. नासाने तर स्वतंत्र पडताळणीसाठी वेस्ट व्हर्जिनियातल्या फेअरमाँटला 1993 मध्ये वेगळं केंद्रच काढलं. तुमचं काम अशा प्रकारचं असेल तर ऑडिटला काय लागतं ते आधी पाहा.

आता ज्या त्रासामुळे माझं मत बनलं त्याकडे येतो. तो म्हणजे ‘रिप्रोड्यूस होत नाही’, म्हणजे ‘हा बग माझ्याकडे दिसत नाही’, हा शेरा.

स्टोरी (कामाचा एक छोटा भाग) मर्ज झाली, म्हणजे तिचा कोड मुख्य कोडमध्ये गेला, बिल्ड क्यूएच्या एन्व्हायर्नमेंटवर गेलं, तिथल्या रांगेत थांबलं. काही दिवसांनी टिकिट (बगची नोंद) आलं: ‘नवी ऑर्डर आजच्या रिपोर्टमध्ये दिसत नाही.’ पायऱ्या नीट लिहिलेल्या, स्क्रीनशॉट जोडलेला. तोवर मी दुसऱ्या स्टोरीच्या मध्यात. हातातलं काम स्टॅश करा (बाजूला ठेवा), कोडच्या जुन्या ब्रँचवर जा, डेटाबेसची मायग्रेशन्स (रचनेतले बदल) मागे घ्या, टेस्ट डेटा पुन्हा भरा. एवढं करून पाहिलं तर ऑर्डर रिपोर्टमध्ये व्यवस्थित दिसते. मग तो शेरा लिहून टिकिट परत. दुसऱ्या दिवशी ते ‘रीओपन’ होऊन पुन्हा माझ्याकडे. टिकिट असं बरेच दिवस येत-जात राहिलं. कारण शेवटी अगदी साधं निघालं: सर्व्हर यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) तारीख मोजत होता आणि वापरणारा स्थानिक वेळेत. मी पाहायचो भर दुपारी, तेव्हा दोन्ही तारखा एकच असायच्या. टेस्टरची वेळ मात्र अशी होती की दोन घड्याळांत तारीख वेगळी पडायची. टिकिटावर ऑर्डरची वेळ नव्हती, कारण टेम्प्लेटमध्ये तसा रकानाच नव्हता. आम्ही दोघं एका स्क्रीनसमोर बसलो असतो तर ‘ही ऑर्डर टाकली किती वाजता?’ हा प्रश्न लगेच आला असता.

हा एकच बग असता तर विसरलो असतो. पण माझ्या अनुभवात वेगळ्या टीमकडून येणाऱ्या टिकिटांचा मोठा भाग असाच फिरायचा. कधी डेटा वेगळा, कधी बिल्ड जुनं, कधी फीचर फ्लॅग (फीचर चालू-बंद करायचं सेटिंग) तिथे बंद. त्यातून हळूहळू सूर बिघडतो. टेस्टरला वाटतं डेव्हलपर टाळतोय, डेव्हलपरला वाटतं टेस्टर आकडा वाढवतोय. क्यूएचं काम सापडलेल्या बगांवरून मोजलं जात असेल तर सिव्हिरिटीवरूनही (बग किती गंभीर यावरूनही) घासाघीस सुरू होते. दोन्हीकडची माणसं प्रामाणिक असूनही हे घडतं, म्हणून मी दोष रचनेला देतो.

टेस्टर आत आला की या फेऱ्या तर वाचतातच, पण खरा फरक कोड लिहिण्याआधी पडतो. रिफाइनमेंटला, म्हणजे पुढच्या स्टोऱ्या समजून घ्यायच्या बैठकीला, तो समोर असतो. कूपन वापरून घेतलेल्या ऑर्डरमधली एकच वस्तू परत केली तर पैसे किती परत द्यायचे? असा प्रश्न टेस्टरलाच सुचतो. तो तिथे आला तर उत्तर ॲक्सेप्टन्स क्रायटेरियामध्ये (स्टोरी पूर्ण मानायच्या अटींमध्ये) एक ओळ बनून बसतं; कोड झाल्यावर आला तर तो बग होतो, आणि बग की नवी मागणी यावर वाद होतो. प्रॉडक्ट ओनर, डेव्हलपर आणि टेस्टर यांनी स्टोरीआधी एकत्र बसण्याला ‘थ्री अमिगोज’ म्हणतात. सगळ्या ॲजाइल (स्क्रमसारख्या पद्धतींच्या) प्रथांमधली एकच ठेवायची असेल तर मी ही ठेवीन.

ऑटोमेशनचंही तसंच. माइक कोन यांनी 2009 मध्ये मांडलेला टेस्ट पिरॅमिड सगळ्यांना ठाऊक असतो: तळाशी भरपूर युनिट टेस्ट (कोडचे छोटे तुकडे तपासणाऱ्या), टोकाला थोड्या यूआय टेस्ट (स्क्रीनमधून तपासणाऱ्या). तरी तो इतक्या ठिकाणी उलटा का दिसतो? वेगळ्या टीमच्या हाती बहुतेक वेळा फक्त स्क्रीन असते, कोड नसतो. मग प्रत्येक नियम स्क्रीनमधूनच तपासला जातो, सेलेनियमचा (ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या साधनाचा) टेस्ट सूट रात्रभर चालतो, सकाळी थोड्या टेस्ट लाल (फेल) असतात आणि ‘त्या फ्लेकी आहेत’ (कधी पास, कधी फेल होतात) म्हणून कुणी पाहत नाही. आमच्याकडे टेस्टर पुल रिक्वेस्ट (मर्जआधी इतरांना पाहायला दिलेला कोड) वाचायला लागल्यावर ‘ही केस युनिटमध्येच घ्या’ असं तोच सांगायचा. निकोल फोर्सग्रेन, जेझ हंबल आणि जीन किम यांनी 2018 साली मांडलेल्या, सॉफ्टवेअर टीमच्या कामगिरीवरच्या अभ्यासातही ऑटोमेटेड टेस्ट मुख्यतः क्यूए किंवा बाहेरच्यांनी लिहिल्या-सांभाळल्या तर त्याचा चांगल्या कामगिरीशी संबंध दिसला नव्हता; डेव्हलपरांनी त्या लिहिल्या-सांभाळल्या तर दिसला होता.

आतल्या टेस्टरच्याही अडचणी आहेत. सर्वांत मोठी म्हणजे स्प्रिंटचे (कामाच्या ठरावीक मुदतीच्या टप्प्याचे) शेवटचे दोन दिवस. सगळ्या स्टोऱ्या एकदम कामाच्या बोर्डावरच्या ‘टेस्टिंग’च्या रकान्यात येऊन पडतात आणि एकटा माणूस दबून जातो. आम्हाला उपयोग झाला तो एकाच नियमाचा: त्या रकान्यात ठरावीक संख्येपेक्षा जास्त स्टोऱ्या झाल्या की कोणत्याही डेव्हलपरने नवी उचलायची नाही, आधी टेस्टिंगला हात लावायचा. सुरुवातीला कुरकुर झाली, नंतर लोक स्टोऱ्या छोट्या करायला लागले. टेस्टरला आपल्या कामाचं कुणी बोलायला उरत नाही, ही तक्रारही मी ऐकली आहे आणि ती खरी आहे. सगळ्या टीममधल्या टेस्टरांनी नियमित भेटणं त्यासाठी गरजेचं वाटतं. ताजी नजर हवी असेल तर दोन टीमच्या टेस्टरांनी अधूनमधून एकमेकांचं काम तपासावं; बऱ्यापैकी फरक पडतो.

टीम एक-दोनच असतील आणि रिलीझ वारंवार होत असेल तर मी फार विचार न करता टेस्टर आत घेईन. टीम अनेक असतील तर टेस्टर आतच ठेवून, परफॉर्मन्स आणि एंड-टू-एंड (सगळ्या सिस्टिममधून जाणाऱ्या) तपासणीपुरता छोटा वेगळा गट ठेवावा असं माझं मत आहे.

वेगळी टीम ठेवणं भागच असेल, तर तीन गोष्टी मागून घ्या. मर्ज झालेलं बिल्ड त्याच दिवशी त्यांच्या हातात पडावं. त्यांना सर्व्हरचे लॉग वाचायची परवानगी असावी. आणि टिकिट लिहिण्याआधी डेव्हलपरला थेट फोन करायची मोकळीक असावी. तिसरी मिळवायला सर्वांत अवघड जाते, कारण मग बगांचा आकडा कमी दिसतो. तेव्हा क्यूएचं काम त्या आकड्यावर मोजू नका हे मॅनेजरकडून आधीच कबूल करून घ्या.